सुनांना नावं ठेवू नका

गेल्या मे महिन्यात गावात लग्न होतं. मांडवात आम्ही माझ्याच वयाचे पाच-सहा जण खुर्च्या ओढून बसलो होतो. ताटात फुगे आले. एकाने फुगा बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाला, "रबर आहे रबर! आपल्या आयांच्या हातचे फुगे आठवा. आताच्या पोरींना येत काही नाही आणि शिकायचंही नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण डोलावली. घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली, म्हणून हे लिहायला बसलो.

असं बोलणं आमच्या वसईत कुठंही ऐकू येतं. चर्चच्या आवारात, बारशाला, निर्मळच्या कार्तिकी जत्रेत सुकेळीचा भाव ऐकून झाल्यावर तर नक्कीच. सुकेळी का महागली? सुना करत नाहीत. घरचा केक का गेला? सुना गाडी पकडून कामाला जातात. माझं म्हणणं असं की हे धादांत खोटं आहे, आणि बोलणाऱ्याला ते मनातून ठाऊक असतं.

फुगा घ्या. ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर आणि ताडी. पीठ हाताने फेटून फेटून सैल करायचं, झाकून ठेवायचं, फुगून वर आलं की मुठीतून चिमटून गोळा कढईत सोडायचा. तो आपोआप उलटतो. यातली ताडी कुठून यायची? आमच्या बांधावर तीन ताड होते. भंडारी सकाळी चढायचा, आई तांब्या घेऊन खाली उभी. आज त्या बांधावर चार मजली इमारत आहे. आता सुनेने ताडी काय चौथ्या मजल्यावरून काढायची? ती दुकानातून यीस्ट आणते. त्यानेही फुगा फुगतो, फक्त तो आंबूस वास येत नाही. वास आम्ही विकला आणि दोष तिच्या हाताला देतो.

सुकेळीचं तर याहून वाईट. सुकेळी राजेळी केळ्याचीच. दुसऱ्या केळ्याची होत नाही, करून पाहा, चिकट लगदा होतो. राजेळीला पाणी बारमाही लागतं, जागा धरून बसते, आणि लोंगर लहान. केळं पिकलं की सोलायचं, मांडवावर उन्हात वाळत घालायचं, रोज उलटायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचं. सात-आठ दिवसांनी ते मधाच्या रंगाचं होतं. मग केळीच्या सुक्या सोपात बांधून ठेवायचं. यात बाईचं काम आठ दिवसांचं आहे. झाडाचं काम वर्षाचं. त्या वर्षाची जबाबदारी आम्हा पुरुषांवर होती, आणि आम्ही आधी राजेळी काढून बसराई लावली, कारण तिचा लोंगर मोठा. मग जळगावचं केळं ट्रकने येऊन स्वस्त पडायला लागलं, तेव्हा बसराईपण काढली आणि शेवटी जमीनच काढली.

आता माझं सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांना शिकवतो.

आमच्या वाडीत बावखळ होतं. बावखळ म्हणजे खोल खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, हळूहळू मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड ठेवायचं. समुद्र इतका जवळ असून वसईची वाडी हिरवी राहिली ती या बावखळांमुळे. 1990 साली सिडको आमच्याकडची नियोजनकार झाली, त्याच्या आधीपासून हरित वसईवाले ओरडून सांगत होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो सांगत होते. मी त्यांच्या सभेला गेलेलो आहे, टाळ्या वाजवलेल्या आहेत. आणि 1996 साली मी आठ गुंठे विकले, रस्ता हवा म्हणून डबर टाकून बावखळ बुजवलं. पोराचं शिक्षण होतं, बहिणीचं लग्न राहिलं होतं. कारणं खरी होती. शेजारच्या विहिरींवर तेव्हा टँकर रात्रंदिवस भरत होते, नव्या वसाहतींना पाणी पुरवायला. चार उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं. राजेळीची पानं कडेने करपायला लागली. त्या वेळी माझी सून दहा वर्षांची होती. तिने काय बिघडवलं?

आईच्या हातच्या चवीबद्दल आम्ही फार बोलतो. त्या हाताबद्दल बोलत नाही. आई अंधारात उठून फुलांची टोपली घेऊन दादरला जायची, दुपारी परत येऊन चूल पेटवायची. म्हणजे तीही गाडीनेच जात होती, हे त्या खुर्चीवरच्या माझ्या मित्राला आठवलं नाही. नाताळच्या आधी ती केक करायची तो टोपात, खाली वाळू, वर झाकणावर निखारे. निखारे सारायचं काम बाबांचं, अंडी फेटायचं आम्हा पोरांचं. मनुका परवडत नव्हत्या म्हणून ती सुकेळीचे तुकडे कापून घालायची. तो केक एकट्या आईचा नव्हता. सगळं घर त्यात राबत होतं आणि सामान सगळं वाडीतलं, रवा-साखर सोडून. आज सुनेने एकटीने करावं, सामान बाजारातून आणावं, आणि चव मात्र 1970 सालची यावी असा आमचा हट्ट. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस आहे, पण एवढा हिशेब मलाही कळतो.

कोणी म्हणेल, आता खाद्यमहोत्सव होतात, तिथे सगळं जुनं मिळतं. मिळतं. मी जातो, पैसे देऊन खातो. स्टॉलवर उभ्या असतात त्या पुन्हा बायकाच, आणि मंचावर संस्कृतीवर बोलतो तो बहुधा जमीन विकलेला पुरुष. एकदा त्या मंचावरून कोणीतरी बावखळाचं नाव घ्यावं, आपण किती बुजवली ते सांगावं, मग खुशाल सुनांकडे वळावं.

माझी सून सकाळी सव्वासहाला रिक्षाने नालासोपारा स्टेशनला जाते, अंधेरीहून रात्री साडेआठला येते. रविवारी ओव्हनमध्ये केक करते. मी तिला कधी म्हटलं नाही, पण आईच्या केकापेक्षा तो हलका होतो.

तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका वाडीतून राजेळीचे सहा मुनवे आणून विहिरीपासून लांब, नळाच्या पाण्यावर लावले. दोन मेले. गेल्या वर्षी पहिला लोंगर पिकला तेव्हा घरात सांगून टाकलं की सुकेळी मी करणार, कोणी हात लावायचा नाही. सोलता सोलता निम्मी मोडली. उलटायला दोनदा विसरलो. चौथ्या दिवशी अवेळी पाऊस आला तेव्हा मी नाक्यावर गप्पा मारत होतो. बुरशी आलेली टाकून दिली तेव्हा सतरा उरली. सुनेने ती बारीक कापून नाताळच्या केकात घातली.