पार्लरवरचा कर उतरला, जबाबदारीचे काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि ब्यूटी पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ग्राहक खूश झाले, मोठ्या सलूननी दारात फलक लावले. आपल्या इंदूरमध्ये लोकमान्य नगर असो, सुदामा नगर असो की रामबाग, गल्लीत एखादे तरी पार्लर आहेच, आणि त्यातली बरीचशी आपल्याच समाजातल्या सुना-लेकी चालवतात. म्हणून या विषयाकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. खुर्चीत बसणारीही आपली आणि खुर्चीमागे उभी असलेलीही आपलीच.

आधी कराचा हिशेब. दर ५ टक्के झाला, पण त्याबरोबर इनपुट टॅक्स क्रेडिट गेले. पूर्वी जीएसटीत नोंदलेले सलून क्रीम, रंग, यंत्रे पक्क्या बिलाने घेत असे, कारण त्या बिलावरचा कर वजा मिळत होता. आता बिल असले काय, नसले काय, कराच्या दृष्टीने फरक पडत नाही. मग बिनबिलाचा स्वस्त माल घेण्याचा मोह वाढतो. ज्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे अशा घरगुती पार्लरना तर जीएसटी नोंदणीच लागत नाही, त्यामुळे तिथे पक्क्या बिलाची सवय आधीपासूनच कमी. वरवर ही कारकुनी बाब वाटेल. पण क्रीम खरी की खोटी, ती कोणी बनवली, कोणत्या बॅचची, याचा माग काढायचा तर धागा एकच असतो, तो म्हणजे खरेदीचे बिल.

हा धागा तुटला की काय होते ते अकोल्याने पाहिले. तिथल्या एका महाविद्यालयीन मुलीने स्थानिक ब्यूटिशियनकडून गोरे करणारी क्रीम घेतली. चेहरा उजळलेला पाहून आई आणि बहीणही तीच वापरू लागल्या. २०२२ मध्ये तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या हजारो पट पारा सापडला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनीही २०२४ मध्ये अशीच नोंद प्रसिद्ध केली. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत दुर्मिळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम वापरत होते.

कायदा नाही असे मुळीच नाही. कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली तर इतर प्रसाधनांत नकळत राहिलेला पारा दहा लाख भागांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत हवी. माल परदेशी असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक हवा. स्टेरॉइडयुक्त १४ मलमे मार्च २०१८ मध्ये शेड्यूल एच मध्ये आली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही बिनलेबलच्या पांढऱ्या डबीतून ‘आमची स्पेशल नाइट क्रीम’ सर्रास दिली जाते. डबीवर काहीच लिहिलेले नसेल तर आत पारा आहे, स्टेरॉइड आहे की नुसते पेट्रोलियम जेली, हे देणारीलाही ठाऊक नसते.

वस्तूसाठी कायदा आहे, पण ती वस्तू चेहऱ्याला लावणाऱ्या हातासाठी आपल्याकडे काय आहे? दुकानाला गुमास्ता लागतो, नगर निगमचा परवाना लागतो. परंतु फेशियल किंवा केमिकल पील करणारीने अमुक शिक्षण घेतलेच पाहिजे, असा परवाना आपल्या देशात नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे, ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रे आहेत. ती चांगली आहेत, पण ऐच्छिक आहेत. बँकेत उभी हयात घालवल्यामुळे माझे लक्ष कागदांकडे आधी जाते. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते आणि पार्लर हा त्यातला नेहमीचा व्यवसाय आहे. फाइलला केवायसी, जागेचा पुरावा, खुर्चीचे आणि यंत्राचे कोटेशन लागते. प्रशिक्षणाचा दाखला नाही म्हणून फाइल परत जात नाही. पैशाची जोखीम तपासायला रकाने आहेत, ग्राहकाच्या कातडीच्या जोखमीला रकाना नाही.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे त्वचेची निगा राखणाऱ्या व्यावसायिकांना राज्याचा परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात त्यासाठी ६०० तासांचे प्रशिक्षण, टेक्सासमध्ये ७५०. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत, त्यांना हे माहीत असेल. पण तिथलाही अनुभव सरळ नाही. टेक्सासमध्ये केवळ दोऱ्याने भुवया कोरणाऱ्यांनाही ७५० तासांची अट लावली गेली. काही थ्रेडिंग व्यावसायिक न्यायालयात गेले. ‘पटेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात २०१५ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली, कारण ७५० पैकी सुमारे ३२० तासांचा भुवयांच्या कामाशी संबंधच नव्हता. कामाशी नाते नसलेली अट लोकांना सुरक्षित करत नाही. ती गरीब कारागिराची रोजी अडवते.

दुसरे टोक न्यू मेक्सिको राज्यातले. तिथे परवाना नसलेल्या एका स्पामध्ये रुग्णाचेच रक्त काढून सुयांनी चेहऱ्यात सोडण्याचे ‘व्हॅम्पायर फेशियल’ चालत असे. २०१८ मध्ये तो स्पा बंद झाला. पुढे एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने अहवाल दिला की तिथल्या किमान तीन ग्राहक महिलांना त्या सुयांमुळे एचआयव्हीची लागण झाली असावी. मालकिणीने २०२२ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याचा गुन्हा कबूल केला होता.

ही दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की धडा मिळतो. परवाना जोखमीच्या मापाने असावा. माझ्या मते आपल्याकडे कामाच्या तीन पायऱ्या मानाव्यात.

पहिली पायरी म्हणजे थ्रेडिंग, वॅक्सिंग, केस कापणे-धुणे. इथे स्वच्छता आणि थोडी जाण पुरेशी आहे, पण ती हवीच. दोरा तोंडात धरून थ्रेडिंग केले, तोच रेझर किंवा प्लकर न धुता दुसरीला वापरला, तर चामखीळ, बुरशी, रक्त आले तर हिपॅटायटिससुद्धा पसरू शकतो. निळा दिवा असलेल्या पेटीत अवजारे ठेवली म्हणजे ती निर्जंतुक होत नाहीत. आधी साबणाने धुणे, मग जंतुनाशकात बुडवणे, आणि ब्लेड दरवेळी नवे. केस धुतानाही मान जपावी. हैदराबादमध्ये २०२२ साली पन्नाशीच्या एका महिलेला पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुताना पक्षाघाताचा झटका आल्याची बातमी होती. मानेतील रक्तवाहिनी दाबल्याने असे होऊ शकते, आणि वैद्यकात १९९३ पासून याला नावही आहे. आपल्या ज्येष्ठ भगिनींनी मानेखाली टॉवेलची घडी मागायला संकोच करू नये.

दुसरी पायरी रसायनांची, म्हणजे ब्लीच, हेअर डाय, पील, केस सरळ करणे. काळ्या डायमध्ये आणि बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त असणाऱ्या पीपीडी या रसायनाने काहींचा चेहरा सुजतो. त्यासाठी कानामागे किंवा कोपरावर थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहायची असते. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच नवा डाय लावणे म्हणजे जुगार आहे. या पायरीवर मान्यताप्राप्त प्रमाणपत्र सक्तीचे व्हावे असे मला वाटते. त्यासाठी ७५० तास नकोत, पण जे शिकवायचे ते त्याच कामाचे हवे.

तिसरी पायरी सुई आणि लेसरची. बोटॉक्स, फिलर, गोरे होण्याची ग्लुटाथायोन इंजेक्शने, केसांचे प्रत्यारोपण हे पार्लरचे काम नाही, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे असोत. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने सांगितले की केसांचे प्रत्यारोपण आणि सौंदर्यशस्त्रक्रिया योग्य प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच कराव्यात. कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकलेले पुरेसे नाही. नोंदणी नसताना वैद्यकी केल्यास २०१९ च्या कायद्याप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरी २०२५ मध्ये कानपूरला केसांच्या प्रत्यारोपणानंतर अभियंत्याचा मृत्यू झाला आणि दंतवैद्यावर गुन्हा दाखल झाला. तेव्हा ‘डॉक्टर’ ही पाटीही वाचून सोडून देऊ नये, कशाचा डॉक्टर ते विचारावे.

आता ज्या भगिनी पार्लर चालवतात त्यांच्यासाठी काही गोष्टी. यात खर्च थोडा आणि संरक्षण मोठे आहे.

एक, माल नेहमी पक्क्या बिलाने घ्यावा आणि बिले बॅच क्रमांकासह फाइलला लावावीत. कराचा फायदा गेला तरी पुराव्याचा फायदा कायम आहे. दोन, प्रत्येक ग्राहकाचे एक कार्ड ठेवावे: ॲलर्जी, मधुमेह, गर्भारपण, चालू औषधे, पॅच टेस्टची तारीख आणि सही. तीन, स्वतः मिसळलेली किंवा बिनलेबलची क्रीम कोणालाही देऊ नये. चार, सुई हातात घेऊ नये. कंपनीचा माणूस ‘ट्रेनिंग देतो’ म्हणाला तरी नाही. पाच, डाग, फोड, तीळ संशयास्पद दिसला तर ग्राहकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. त्यात गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास बसतो.

ग्राहकांनीही बिल मागावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पार्लरच्या सेवेलाही लागू आहे. ५ लाखांपर्यंतच्या सेवेसाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि १९१५ या हेल्पलाइनवर विचारता येते. पण पुरावा लागतो. चुकीच्या हेअरकटबद्दल राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई सांगितली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतली त्रुटी मान्य ठेवली, पण नुकसानीचा पुरावा पाहिल्याशिवाय एवढा आकडा ठरवता येणार नाही म्हणून ती रक्कम रद्द केली. बिल, फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळते.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात आणि पार्लरमध्ये बसायला जागा नसते. त्याआधी आपल्या मंडळाने एखाद्या रविवारी पार्लर चालवणाऱ्या भगिनींना एकत्र बोलवावे. समाजात त्वचारोगतज्ज्ञ आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. प्रत्येकाचा तासभर वेळ मागू या. ग्राहक कार्डाचा मराठी-हिंदी नमुना तयार करून द्यायला मी तयार आहे. सरकारी परवाना यायचा तेव्हा येईल. तोवर आपल्या दुकानात काय चालते आणि काय चालत नाही, हे दारावर लिहून लावायला कोणाचीच परवानगी लागत नाही.