लहरी जनतेच्या, मग सहा वर्षे पडून का? (थ्रेड)

टूजी म्हटले की २ फेब्रुवारी २०१२ आठवते. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी १२२ परवाने रद्द केले आणि ‘लिलाव म्हणजेच लोकहित’ हे समीकरण रूढ झाले. ते अपुरे आहे.

मूळ विचार १९९५ चा, आणि तोही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यातला. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा वापर लोकहितासाठीच व्हावा, असे ठरवले. किंमत किती यावी, हा तिथे प्रश्नच नव्हता.

मोबाइलची मागणी वाढते, लहरी मात्र मर्यादितच. यावरचा तोडगा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्येच मांडला गेला: प्रदेशाचे लहान कोष पाडायचे आणि पुरेशा अंतरावर तीच वारंवारिता पुन्हा वापरायची. शहरात हे चपखल बसते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटसारख्या गावात मात्र वस्ती विरळ, शिवार अफाट. तिथे दर थोड्या अंतरावर टॉवर परवडत नाही. तिथे हव्यात दूर पोहोचणाऱ्या, कमी वारंवारितेच्या लहरी. उदाहरणार्थ, ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा.

हाच पट्टा २०१६ मध्ये लिलावात आला. राखीव किंमत देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये. एकही बोली लागली नाही. २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आली, तरीही तेच. (परवान्यांच्या नकाशात जळकोट आणि पुणे एकाच ‘महाराष्ट्र सर्कल’मध्ये येतात, गोव्यासह, मुंबई तेवढी वेगळी. म्हणजे शिवारापुरती स्वस्त लहर मागण्याची सोयच नाही.)

२०१२ नंतर किंमत कमी ठेवून संशय ओढवून घेण्याचे धाडस कोण करणार, हा बचाव समजण्याजोगा आहे; पण पटण्याजोगा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिमतात न्यायालयाने स्पष्ट केले होते की नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नव्हे. पहिला निकाल सर्वांच्या लक्षात राहिला, दुसरा विस्मरणात गेला. पडून राहिलेली लहर कोळशासारखी साठून राहत नाही. न वापरलेला प्रत्येक दिवस कायमचा वाया जातो.

अखेर २०२२ मध्ये राखीव किंमत ३,९२७ कोटींवर आली आणि जिओने बावीसही सर्कलमध्ये हा पट्टा घेतला. २०१६ च्या किमतीच्या जेमतेम एक तृतीयांश दराने.