वय 37, करार 6 वर्षांचा

2025च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा पँथर्सने ब्रॅड मार्शँडला सहा वर्षांसाठी बांधून घेतलं, तेव्हा तो 37 वर्षांचा होता. एकूण 3 कोटी 15 लाख डॉलर, म्हणजे वर्षाला साडेबावन्न लाख. करार संपेल तेव्हा वय 43. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये त्या वयापर्यंत टिकलेले फार थोडे. बर्फावर सुसाट घसरत एकमेकांवर आदळण्याच्या या खेळात पस्तिशी ओलांडली की माणूस म्हातारा समजला जातो.

पँथर्सच्या व्यवस्थापनाला हे कळत नव्हतं असं नाही. काही दिवसांपूर्वीच मार्शँडने अंतिम मालिकेत सहा गोल करून त्यांना लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले कप सलग दुसऱ्यांदा मिळवून दिला होता, त्याचं मोल द्यायचं होतंच. सहा वर्षं आली ती हिशेबातून. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा असते. 2004-05चा अख्खा हंगाम संघमालकांच्या टाळेबंदीत बुडाल्यावर ती लागू झाली; तेव्हा 3 कोटी 90 लाख डॉलर होती, 2025-26मध्ये 9 कोटी 55 लाख. या मर्यादेत धरली जाते ती कराराची वार्षिक सरासरी. हीच रक्कम चार वर्षांत द्यायची तर मार्शँडच्या नावावर दरवर्षी जवळपास 79 लाख लागले असते. दोन वर्षं वाढवली आणि आजचा बोजा उतरला. उद्याचा उद्या बघू!

सहसा 1 जुलैला लीगमधल्या मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो आणि चाहत्यांची चर्चा दोनच शब्दांभोवती फिरू लागते: हाव आणि निष्ठा. जुना कर्णधार संघ सोडून गेला तर हावरट, कमी पैशांत राहिला तर निष्ठावंत. या वादात खेळाडूवर अन्याय होतो. अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये ज्या संघाने निवडलं त्याच्याशीच त्याने बोलणी करायची. पहिल्या कराराच्या रकमेवर नियमांचं बंधन. वय 27 होईपर्यंत किंवा सात हंगाम पुरे होईपर्यंत तो खऱ्या अर्थाने मोकळा होत नाही. गोल करण्याची उमेद सहसा विशीतच ऐन भरात असते, आणि ती वर्षं बाजारभावापेक्षा स्वस्तात जातात. मोकळा झाल्यावर तो मागची थकबाकी वसूल करतो आणि संघ ती पुढच्या कामगिरीची किंमत समजून मोजतात.

2016चा 1 जुलै या गफलतीचा नमुनाच ठरला. त्या एका दिवशी एडमंटनने मिलान लुचीचला सात वर्षांसाठी 4 कोटी 20 लाख डॉलर दिले, व्हँकुव्हरने लुई एरिकसनला सहा वर्षांसाठी 3 कोटी 60 लाख, बॉस्टनने डेव्हिड बॅकसला पाच वर्षांसाठी 3 कोटी. बॉस्टनसाठी 30 गोल करून आलेल्या एरिकसनने नव्या संघाच्या पहिल्याच सामन्यात मागे दिलेला पास स्वतःच्याच रिकाम्या जाळीत गेला. पुढेही फारसं बरं घडलं नाही. त्या हंगामात त्याचे गोल झाले 11. लुचीचचे पहिल्या वर्षी 23, दुसऱ्या वर्षी 10, तिसऱ्या वर्षी 6. शेवटी एडमंटनने तो कॅलगरीच्या गळ्यात मारला आणि बदल्यात जेम्स नीलला घेतलं. नीलशीही कॅलगरीने वर्षभरापूर्वीच पाच वर्षांचा करार केला होता आणि तो सात गोलांवर अडकला होता. दोन्ही संघांनी आपापली चूक एकमेकांना विकली.

बॅकसची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. सेंट लुईसचा तो पाच वर्षं कर्णधार होता. 2019च्या अंतिम मालिकेत बॉस्टनची गाठ नेमकी सेंट लुईसशी पडली, आणि निर्णायक सातव्या सामन्यात बॉस्टनने बॅकसला संघाबाहेर बसवलं. त्याचा जुना संघ इतिहासात पहिल्यांदाच कप जिंकला.

या सगळ्या करारांत रक्कम डोळ्यांत भरते, पण खरी खोट वर्षांत आहे. त्याचं सर्वांत महागडं उदाहरण मिनेसोटाचं. 2012मध्ये तिथल्या वाइल्ड संघाने झॅक परीझे आणि रायन सूटर यांच्याशी प्रत्येकी तेरा वर्षांचे, 9 कोटी 80 लाख डॉलरचे करार एकाच दिवशी केले. दोघेही तेव्हा 27चे. 2021मध्ये उरलेली चार वर्षं विकत घेऊन संघाने दोघांनाही मोकळं केलं. अशा वेळी साधारणपणे उरलेल्या पगाराचा दोन-तृतीयांश हिस्सा दुप्पट वर्षांत फेडावा लागतो. त्यात मर्यादेचा हिशेब कराराच्या वार्षिक सरासरीवरूनच होत असल्याने 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही हंगामांत मिनेसोटाच्या मर्यादेतले दरवर्षी 1 कोटी 47 लाख डॉलर संघात नसलेल्या दोन माणसांवर खर्ची पडले. अशा तेरा-तेरा वर्षांना लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2013च्या सामूहिक कराराने आळा घातला: स्वतःच्या खेळाडूसाठी आठ वर्षं, बाहेरच्यासाठी सात. 2026च्या सप्टेंबरपासून ही मर्यादा सात आणि सहावर येते.

स्टीव्हन स्टॅमकोसकडे पाहिलं की निष्ठेच्या वादातली पोकळी दिसते. 2016मध्ये बाजार उघडायला दोन दिवस उरले असताना तो टॅम्पा बे संघातच राहिला. त्याच्या नेतृत्वाखाली संघाने 2020 आणि 2021मध्ये कप जिंकला. 2023च्या शरदात नव्या कराराची बोलणीच होत नसल्याची नाराजी त्याने उघडपणे मांडली. त्या हंगामात 40 गोल करूनही 2024च्या 1 जुलैला 34 वर्षांच्या स्टॅमकोसला नॅशव्हिलची वाट धरावी लागली: चार वर्षं, 3 कोटी 20 लाख डॉलर. टॅम्पाने त्याच्या जागी 29 वर्षांच्या जेक गेन्ट्झलला वर्षाला 90 लाख देऊन आणलं. त्याने पहिल्याच हंगामात 41 गोल केले. स्टॅमकोसचे झाले 27. त्याच दिवशी नॅशव्हिलने घेतलेला जोनाथन मार्शेसो 42 गोलांवरून 21वर आला, आणि 99 गुणांचा संघ 68वर घसरला. टॅम्पाचं गणित चोख होतं. पण मग निष्ठा फक्त खेळाडूकडूनच का मागायची?

सिडनी क्रॉस्बीचा दाखला इथे हमखास दिला जातो. 2008पासून तो वर्षाला सरासरी 87 लाख डॉलरच घेतो (वाढदिवस 7 ऑगस्ट 1987, पाठीवरचा क्रमांक 87), आणि 2024चा करारही त्याने त्याच दराने केला. महेंद्रसिंग धोनी 2025च्या आयपीएलमध्ये ‘अनकॅप्ड’ ठरून चार कोटी रुपयांत चेन्नईकडे राहिला, तेव्हा आपल्याकडेही असंच कौतुक झालं. चेन्नई त्या वर्षी तळाला राहिली ते वेगळं. अशी सवलत देणं ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल द्यावी. पण त्या मापाने बॅकसला किंवा स्टॅमकोसला मोजणं बरोबर नाही.

कोरी पेरीने वेगळी वाट चोखाळली. 2019मध्ये ॲनाहाइमने त्याचा आठ वर्षांचा करार मोडीत काढला, तेव्हा तो 34 वर्षांचा होता. त्यानंतर बहुतेक वेळा एकेका वर्षाच्या, थोड्या पैशांच्या करारावर खेळत तो डॅलस, माँट्रिऑल, टॅम्पा आणि दोनदा एडमंटनकडून अंतिम फेरीत पोहोचला. पाचही वेळा हरला, पण कोणत्याही संघाच्या गळ्यात त्याचा लांबलचक करार अडकला नाही. 2025मध्ये, चाळिशी गाठल्यावर, लॉस एंजेलिसने त्याला एका वर्षासाठी 20 लाख डॉलर आणि वर कामगिरीचा बोनस दिला. पस्तिशीनंतरच्या एका वर्षाच्या करारात असा बोनस ठेवायला नियमच मुभा देतो.

म्हणजे वय पाहून नियम बदलणं लीगला नवं नाही. एकट्या संघाने शहाणपणा दाखवून भागत नाही. नॅशव्हिलने दोन वर्षं देऊ केली असती तर दुसऱ्या कुणी तरी चार दिलीच असती. बंधन सगळ्यांवर हवं. तेहतिशीनंतरचा कोणताही करार तीन वर्षांपेक्षा मोठा नको, हवे तर त्या तीन वर्षांत पैसे जास्त द्यावेत. आणि त्याच्या बदल्यात मोकळं होण्याचं वय 27वरून 25वर आणावं, म्हणजे खेळाडूला त्याच्या भराच्या काळातच भराचा भाव मिळेल. यातली पहिली अट संघमालक आनंदाने घेतील आणि दुसरीला हात लावणार नाहीत. खेळाडूंची संघटना नेमकं उलट करेल. म्हणून दोन्ही अटी एकाच कागदावर मांडायला हव्यात, सुट्यासुट्या नव्हे.