सामाईक जाळे आणि किल्लीचा हक्क

३१ जुलै २०२४ रोजी देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे ग्राहक एकाएकी इलेक्ट्रॉनिक देवघेवीला मुकले. या बँकांच्या तिजोऱ्या फुटल्या नव्हत्या की त्यांच्या शाखांना टाळे लागले नव्हते. सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसताच एनपीसीआयने, म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळाने, त्या कंपनीलाच आपल्या जाळ्यापासून तात्पुरते तोडले. संसर्ग पसरू नये म्हणून हे करणे भागच होते, आणि दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववतही झाली. तथापि एका दाराला कडी लावताच तीनशे घरे बंद व्हावीत, ही गोष्ट विसरून जाण्याजोगी नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या दृष्टीने तर हा प्रश्न अगदी घरचा आहे. १ मे २०२५ पासून नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि संभाजीनगरची महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण झाले आणि राज्याच्या एकमेव ग्रामीण बँकेचे मुख्यालय या शहरात आले. दोन बँका, त्यांच्या दोन वेगळ्या प्रवर्तक बँका आणि कामकाजाच्या दोन घड्या आता एका छत्राखाली नांदावयाच्या आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये जी शिखर संस्था दिल्लीत सुरू झाली, तिचाही एक मुख्य हेतू देशातील सुमारे दीड हजार बँकांना सामाईक तंत्रज्ञान पुरविणे हाच आहे. राज्य शासनाने जानेवारी २०१८ मध्ये क्लाउडविषयक धोरण जाहीर केले, तेव्हापासून सरकारी खात्यांची वाटचालही याच दिशेने चालू आहे. सारांश, अनेक संस्थांचे जाळे एका हाती देण्याचा काळ येऊन ठेपला आहे.

हे मुळात चुकीचे आहे, असे म्हणता येणार नाही. तालुक्याच्या बँकेला किंवा महाविद्यालयाला रात्रंदिवस पहारा देणारे तज्ज्ञ ठेवणे परवडत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेसारख्या मोठ्या सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरट्यांनी संगणकाच्या मार्गाने पळविले; मग लहानांनी स्वतंत्र राहून आपले रक्षण कसे करावे? तेव्हा एकत्र येणे अटळ आहे. वाद आहे तो कोणत्या अटींवर एकत्र यावयाचे, याबद्दल.

यासाठी ही व्यवस्था चालते कशी, ते थोडे समजून घ्यावयास हवे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक भाड्याने घेणे. एकाच यंत्रावर दहा संस्थांचे काम चालते. त्यांच्यामधील भिंती विटांच्या नसून सॉफ्टवेअरच्या असतात. प्रत्येक संस्थेला आपले स्वतंत्र जाळे असल्याचा प्रत्यय येतो, म्हणूनच त्याला आभासी जाळे म्हणतात. या व्यवसायात अशा संस्थेला ‘भाडेकरू’ हाच शब्द रूढ आहे, आणि तो अर्थपूर्ण आहे.

अशी जाळी जोडू जाता पहिली अडचण येते ती क्रमांकांची. घरगुती वापराच्या संगणकपत्त्यांसाठी १९९६ पासून ठरावीक क्रमांक राखून ठेवलेले आहेत आणि जगातील बहुतेक संस्था तेच वापरतात. दोन कार्यालयांच्या जावक नोंदवह्या एकपासूनच सुरू व्हाव्यात आणि पुढे दोन्ही दप्तरे एकाच खोलीत यावीत, तशी ही गत होते. नुसत्या क्रमांकावरून कागद कोणाचा, ते कळत नाही. दुसरी गोष्ट अशी की अ हा ब ला जोडला आणि ब हा क ला जोडला, म्हणून अ आणि क आपोआप जोडले जात नाहीत. ही मर्यादा गैरसोयीची वाटते, पण संरक्षण तिच्यातच आहे. शेजाऱ्याच्या शेजाऱ्याला आपल्या घरात मुक्तद्वार नसावे, हेच बरे.

खरा प्रश्न अधिकाराचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर या क्लाउडमधील मध्यवर्ती व्यवस्थापनाची रीत उदाहरणादाखल पाहता येईल. तेथे केंद्राचे हुकूम तीन प्रकारचे असतात. केंद्राने मनाई केली, तर शाखेला ती वाट उघडता येत नाही. केंद्राने परवानगी दिली, तरी शाखा आपल्या विचाराने ती वाट बंद ठेवू शकते. तिसरा प्रकार ‘सदैव परवानगी’चा, त्यापुढे शाखेचे काही चालत नाही. पहिला हुकूम संकटात तारतो, दुसरा स्वायत्तता राखतो, तिसरा मात्र घरमालकाच्या खिशातील जादा किल्लीसारखा आहे. तिची कधीतरी गरज पडते, हे खरे. पण ती किती दारांना लागते, हे भाडेकरूला ठाऊक असलेच पाहिजे.

याच व्यवस्थेतील आणखी एक तरतूद बोधप्रद आहे. एका संस्थेच्या व्यवस्थापकाला दुसऱ्या संस्थेचे जाळे आपल्या देखरेखीखाली आणावयाचे असेल, तर दोन्ही बाजूंनी संमती नोंदवावी लागते, आणि दोहोंपैकी कोणीही ती मागे घेऊ शकतो. तंत्रज्ञांनी सोयीसाठी केलेल्या या नियमात लोकशाहीचे एक तत्त्व दडलेले आहे. आपल्याकडे मात्र अशी संमती बहुधा वरून आलेल्या परिपत्रकात गृहीत धरली जाते आणि ती मागे घेण्याची वाट कोणी लिहूनच ठेवत नाही.

एका उगमावर साऱ्या शहराने जगावे, हा अनुभव संभाजीनगरला नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी वसविली आणि उत्तरेच्या डोंगरांतील पाणी जमिनीखालून शहरात आणले. नहर-ए-अंबरीचा प्रवाह एकच होता. परंतु ते पाणी ठिकठिकाणच्या बंबांतून पुढे वस्त्यांना वाटले जाई. एकच प्रवाह असूनही वाटप टप्प्याटप्प्याने व्हावे, ही दृष्टी त्या रचनेत होती. आजचे जाळे आखतानाही तोच विवेक हवा. एक शाखा नासली, तर तेवढीच तोडता आली पाहिजे; साऱ्या प्रवाहाला बांध घालण्याची पाळी येता कामा नये.

आणि किल्ली कोणाच्या हाती, हा प्रश्न भिंतींइतकाच महत्त्वाचा आहे. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांच्या आधारे वेतन काढल्याच्या प्रकरणी गुन्हे दाखल झाले, हे शिक्षकवर्गाला आठवत असेलच. मध्यवर्ती प्रणाली असली म्हणजे गैरप्रकार थांबतात, ही समजूत भाबडी आहे; प्रवेशाचे अधिकार ज्यांच्या हाती, त्यांच्यावरही नजर असावी लागते.

कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यानुसार, काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी माहितीची जबाबदारी मूळ संस्थेवरच राहते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. म्हणजे उद्या ठेवीदार किंवा विद्यार्थी दाद मागेल ती आपल्या बँकेकडे आणि महाविद्यालयाकडे. जाळे चालविणाऱ्या कंपनीचे नावही त्याला माहीत नसेल. जबाबदारी एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी ही विषम वाटणी आहे.

ती दुरुस्त करणे अशक्य नाही. केंद्राने कोणता हुकूम केव्हा दिला, याची नोंद त्या त्या संस्थेला पाहता यावी. एका संस्थेला तोडले तरी इतरांची सेवा चालू राहते की नाही, याची चाचणी वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष घेतली जावी. करार संपल्यावर आपली माहिती घेऊन बाहेर पडण्याचा मार्ग आरंभीच लिहिलेला असावा. आणि संचालक मंडळांनी हे प्रश्न संगणक विभागाचे म्हणून टोलवू नयेत, स्वतः विचारावेत. यांपैकी एकाही मागणीसाठी नवा शोध लागावयाचा नाही. करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारण्याची तयारी तेवढी हवी.

कन्नडच्या शेतकऱ्याला किंवा पैठणच्या शिक्षकाला आपले खाते कोणत्या जाळ्यावर चालते, हे समजण्याचे कारण नाही. पण ते एखाद्या सकाळी बंद पडले, तर ते का बंद पडले आणि कोणी बंद केले, याचे उत्तर त्याच्या शाखेतील कारकुनाला देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर ती बँक आपल्याच घरात भाडेकरू झाली, असे समजावे.