वॉरंटी रद्द, पण नेमकी कशाची?

नवी मोटार घरी येते तेव्हा तिच्याबरोबर कागदपत्रांचा एक संचही येतो. त्यातील विम्याची पॉलिसी आपण कपाटात जपून ठेवतो. वॉरंटीची पुस्तिका मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरून जातो. वॉरंटी कोणत्या परिस्थितीत लागू राहणार नाही याची एक यादी त्या पुस्तिकेत असते आणि 'कंपनीच्या मान्यतेवाचून केलेले फेरफार' ही बाब तीत हमखास आढळते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. फेरफार केला तर वॉरंटी जाते, हे सर्वांना ऐकून ठाऊक असते. पण ती संपूर्ण गाडीची जाते की एखाद्या भागाची, आणि ती गेली हे ठरवायचे कोणी, हे प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. (येथील मते माझी वैयक्तिक आहेत. मी ज्या खात्यात नोकरी करतो त्याचा मोटारींशी प्रवाशापलीकडे संबंध नाही.)

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. गाडीतील बदल कायद्याला मान्य आहे का, त्याने विम्यावर काय परिणाम होतो आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मात्र ते सोयीस्करपणे एकत्र केले जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तरीही दिल्लीच्या करोल बागेत, बंगळुरूच्या जे. सी. रोडवर किंवा चेन्नईच्या जनरल पॅटर्स रोडवर एखादी दुपार काढावी. कायद्याचा धाक तेथे कितपत पोहोचला आहे ते कळते. असो.

मुद्दा असा की बेकायदा बदल आणि वॉरंटीला बाधक बदल या दोन वर्तुळांचा काही भागच एकमेकांवर येतो. पुढच्या बंपरवर बसवले जाणारे लोखंडी क्रॅश गार्ड कलम ५२ चा भंग करणारे असल्याचे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले. ते बसवणाऱ्याला दंड अवश्य व्हावा. पण त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स सदोष निघाला तर तो दोष क्रॅश गार्डने निर्माण केलेला नाही. उलट, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आर.सी. बुकात रीतसर नोंद करून घेणे पूर्णपणे कायदेशीर आहे. बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही २०२२ च्या अधिसूचनेने ती वाट मोकळी झाली. तरीही अशा गाडीच्या इंजिनाच्या झडपा झिजल्या तर कंपनीने शंका घेणे गैर म्हणता येणार नाही.

कंपन्यांची बाजू अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहज समजते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असेल तर बाजार बिघडतो, आणि हमी हा त्यावरील एक उपाय आहे. (त्या कामाला नोबेल मिळायला २००१ साल उजाडले.) पण हमी दिली की ग्राहकाची काळजी सैल होते, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. ५५-६० वॅटच्या हेडलॅम्पच्या जागी कोणी रिले न बसवता १०० वॅटचे बल्ब लावतो; होल्डर वितळतो, वायरिंग करपते. कोणी डिझेल गाडीच्या ईसीयूचा प्रोग्राम बदलून टर्बोचा दाब वाढवतो आणि वर्षभरात क्लच जळाला म्हणून कंपनीच्या दारात उभा राहतो. कोणी म्युझिक सिस्टिमसाठी कपलर न वापरता मूळ तारा कापून जोडतो. यांचा खर्च कंपनीने उचलायचा म्हणजे तो उद्याच्या गाडीच्या किमतीत शिरणार आणि बदल न करणाऱ्या ग्राहकाने भरायचा. तेव्हा असे दावे फेटाळलेच पाहिजेत.

पण माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची हकीकत ऐका. पोलिओमुळे त्यांचे दोन्ही पाय निकामी आहेत. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने चालवता यावेत म्हणून त्यांनी गाडीत दांड्यांची जोडणी करून घेतली. मोटार वाहन कायदा अशा गाडीला 'अनुकूलित वाहन' म्हणून ओळखतो. आरटीओची मंजुरी व आर.सी. वरील नोंद त्यांच्यापाशी होती. दुसऱ्या वर्षी, वॉरंटीच्या मुदतीत, एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसर बंद पडला. सर्व्हिस सेंटरने "गाडी मूळ स्थितीत नाही" एवढे तोंडी सांगून खर्च नाकारला. पेडलला जोडलेल्या दांडीने कॉम्प्रेसर कसा बिघडतो, हे त्यांनी विचारले. व्यवस्थापकाने उत्तरादाखल पुस्तिकेतील कलमावर बोट ठेवले. लेखी नकार मागितला, तो मिळाला नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. त्यांनी पैसे भरले आणि गाडी घेऊन आले. ग्राहक आयोगाकडे जा, असे मी सुचवले तेव्हा ते म्हणाले, "आयुष्यभर फाइली पुढे सरकवल्या, आता स्वतःच्या फाइलीमागे धावण्याची ताकद नाही."

एका कॉम्प्रेसरसाठी कोणी आयोगाच्या पायऱ्या झिजवत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असते. शिवाय आयोगापुढे गेल्यावरही, दोष प्रयोगशाळेतील तपासणीवाचून सिद्ध होण्याजोगा नसेल तर तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगता येते. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा असताना तशी तरतूद होती आणि २०१९ च्या कायद्यातही ती राहिली आहे. म्हणजे बिघाडाची माहिती ज्याच्यापाशी सर्वांत कमी आहे, पुरावा उभा करण्याचा भार त्याच्यावर पडतो. आजच्या गाडीच्या संगणकात बिघाडाचे संकेत साठवलेले असतात. ते वाचणारे यंत्र, गाडीचे आराखडे आणि तशाच हजारो गाड्यांचा इतिहास कंपनीपाशी असतो. मालकापाशी एक पावती असते. जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच माहितीतील असेल ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०६ म्हणून होते आणि भारतीय साक्ष अधिनियमात कलम १०९ म्हणून कायम आहे. मोटारीच्या वॉरंटीला ते जितके चपखल बसते तितके क्वचितच कशाला बसत असेल.

आपल्याकडे या दिशेने एक पाऊल पडलेही होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची यंत्रे खुल्या बाजारात मिळू न देणे हा मुख्य आरोप होता. वृत्तपत्रांनी दंडाच्या रकमेचे मथळे केले. मला मात्र त्या आदेशातील एक निर्देश अधिक मोलाचा वाटतो. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थिती तसे स्पष्टपणे दर्शवत असेल तरच ती नाकारता येईल, अशा आशयाचा तो निर्देश होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायाधिकरण व न्यायालयांच्या वाटेला लागले. तो निर्देश दुरुस्तीविषयी होता, फेरफाराविषयी नव्हता, हेही मान्य. पण त्यातील तर्क दोहोंना सारखाच लागू पडतो. अमेरिकेने १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने, विशिष्ट कंपनीचेच भाग वापरा अन्यथा वॉरंटी नाही, अशी अट घालण्यास साधारणतः मनाई केली. तेथील मोटार उद्योग त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. पोर्टलने माहिती मिळते. काउंटरवरचा तोंडी नकार त्याने थांबत नाही. त्यासाठी साधा नियम पुरेल. वॉरंटीचा दावा नाकारताना जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: कोणता भाग बिघडला, कोणत्या फेरफारामुळे, आणि कसा. काढलेला भाग ठरावीक मुदतीपर्यंत मोहोरबंद ठेवावा; आज तो भंगारात गेल्यावर तपासायला काही उरतच नाही. कारण लिहून दिले नाही तर दावा मान्य झाला असे धरावे.

यावर, प्रत्येक सर्व्हिस सेंटरात तज्ज्ञ कोठून आणायचे, असा आक्षेप येईल. जळालेला होल्डर किंवा बदललेला ईसीयू प्रोग्राम ओळखायला त्यांचा आजचा मेकॅनिक पुरेसा आहे आणि असे दावे तो आजही फेटाळतोच. जेथे कारण लिहिता येत नाही तेथेच अडचण होईल. तरीही सर्वत्र एकदम नको असेल तर हा नियम आधी अनुकूलित वाहनांना लावून पाहावा. त्यांच्या फेरफारांची नोंद आरटीओच्या दफ्तरी आधीच आहे. त्यासाठी नवे सर्वेक्षणही करावे लागणार नाही.