बायोडेटाच्या आधी उत्तरे वाचा

खरीप ऐन भरात आला, की शेतकऱ्यांच्या फेसबुक ग्रुपांवर एक फोटो हमखास येतो. सोयाबीनच्या हिरव्यागार झाडावर एकच पान सुकून लोंबलेले आणि खाली प्रश्न: 'काय फवारू?' बहुतेक जण औषधाचे नाव सांगून मोकळे होतात. एखादाच उलट विचारतो, 'देठावर दोन गोल खाचा आहेत का? देठ चिरून बघा, आत अळी दिसते का?' चक्रीभुंगा असाच ओळखला जातो. बियाणे किंवा कीटकनाशक कंपनीला फिल्डवर हवा असलेला माणूस तो हाच. तो बहुधा दुसरीकडे नोकरीत असतो आणि त्याने कुठेही अर्ज टाकलेला नसतो.

अशा पॅसिव्ह कँडिडेटचा शोध म्हटला, की भरती अधिकाऱ्याचा हात लिंक्डइनकडे जातो.

2003 मध्ये सुरू झालेले ते संकेतस्थळ शहरी, इंग्रजी लिहिणाऱ्या नोकरदारांसाठी उपयोगी आहेच. पण सॉफ्टवेअर क्षेत्राने त्यापुढची पायरी केव्हाच गाठली. स्टॅक ओव्हरफ्लो आणि गिटहब ही दोन्ही स्थळे 2008 ची. तिथे माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा त्याने दिलेले उत्तर आणि लिहिलेला कोड बघायला मिळतो. भरती करणारेही तेच वाचू लागले.

परभणीत हीच रीत शेतीला लावता येते. 1972 साली स्थापन झालेले आणि आज वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाणारे इथले मराठवाडा कृषी विद्यापीठ दरवर्षी पदवीधर घडवते. त्यातले काही जालन्याच्या बियाणे उद्योगात जातात, काही सेलू-जिंतूर पट्ट्यात कंपन्यांचे प्रतिनिधी म्हणून फिरतात. लिंक्डइनवरचे प्रोफाइल वर्षानुवर्षे न उघडणारा असा प्रतिनिधी गुलाबी बोंडअळीवरच्या यूट्यूब व्हिडिओखाली मात्र रात्री उशिरा सविस्तर उत्तर लिहितो.

अर्थात लाइक मोजून उमेदवार ठरवता येत नाही. प्रत्येक रोगावर एकाच ब्रँडचे औषध सुचवणारा बऱ्याचदा विक्रेता असतो. महिनाभराची उत्तरे सलग वाचली, की फरक कळतो. पेरणीची तारीख, वाण, पाऊस विचारणारा आणि प्रसंगी 'फोटोवरून सांगता येणार नाही, कृषी विज्ञान केंद्रात झाड घेऊन जा' म्हणणारा माणूस निराळा उठून दिसतो.

संपर्क साधताना मात्र तारतम्य हवे. कमेंटखालीच 'नोकरी बदलणार का?' असे विचारले, तर सध्याच्या साहेबांपर्यंत बातमी त्याच दिवशी पोहोचते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधले नंबर उचलून यादी बनवणे तर टाळावेच. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माणसाने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला सूट आहे. बंद ग्रुपमधल्या नंबरांना ती लागू होईल असे गृहीत धरणे धोक्याचे.

पहिला निरोप खासगी आणि थोडक्यात असावा. त्यात कोणते उत्तर आवडले ते लिहावे. पद, मुख्यालय, फिरतीचे तालुके आणि पगाराची मर्यादा सांगावी. परभणीकडचा उमेदवार पगाराच्या आधी मुख्यालय विचारतो, कारण घरची शेतीही त्यालाच बघायची असते. उत्तरे वाचायला जुलै ते सप्टेंबर हा काळ उत्तम, पण फोन दिवाळीनंतर केलेला बरा: तोवर सोयाबीनची काढणी उरकलेली असते आणि समोरच्याला दहा मिनिटे बसून बोलायला सवड असते.