भय सरले नाही, तरी

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इस्पितळातील खाटेवर पडून असलेल्या माझ्या एका वृद्ध आप्तांना भेटावयास आलेल्या मंडळींपैकी एका गृहस्थांनी, अत्यंत सद्भावनेने, असे सांगितले की ज्याचा प्रभूवर खरा विश्वास आहे त्याच्या मनात भयाला थाराच उरत नाही. आप्तांनी मान डोलावली खरी, परंतु मंडळी निघून गेल्यावर मला जवळ बोलावून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, ‘मला तर भीती वाटते रे; मग इतकी वर्षे मी उपासनेला जात आलो, तो विश्वास खोटाच होता काय?’ दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेचे भय त्यांच्या उशाशी बसलेलेच होते; त्यात आता अविश्वासी ठरण्याच्या भयाची भर पडली. धर्माच्या नावाने दुःखिताच्या माथी हा दुहेरी भार ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, असे मला तेव्हा वाटले व आजही वाटते.

शुभवर्तमानकारांनी तरी तो दिलेला नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ख्रिस्त व्याकूळ झाला, हा प्याला टळावा अशी त्याने पित्याजवळ याचना केली, जवळच्या तीन शिष्यांनी आपल्याबरोबर जागे राहावे अशी इच्छा धरली आणि तेही झोपी गेले, हा प्रसंग एखाद्या भक्त चरित्रकाराने झाकून ठेवला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. परंतु तो झाकलेला नाही. प्याला टळला नाही, आणि प्रार्थनेवरून उठून तो धरावयास आलेल्यांना सामोरा गेला. ख्रिस्ती विश्वासाची कसोटी भय वाटते की नाही यावर लागत नसून, ते वाटत असताना पाऊल कोणीकडे पडते यावर लागते, असे माझे मत या प्रसंगाने बनले, आणि आपल्याच मुलखातील एका स्त्रीच्या चरित्राने ते दृढ केले.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविणारे, तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरणारे विद्वान. परंतु दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्या विद्येला गिऱ्हाईक उरले नाही, आणि मोलमजुरीची सवय नसलेल्या या कुटुंबाने एका अरण्यात पाण्यावर व झाडपाल्यावर अकरा दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी, अंगावर पुरेसे पांघरूण नसल्यामुळे, त्या दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणून त्यांत अंग टाकले आणि थंडी लागू नये म्हणून वर वाळू ओढून घेतली. वीस वर्षांचीही न झालेली मुलगी जिवंतपणीच आपल्या हाताने स्वतःला मातीत पुरून घेते, या दृश्यावरून माझी दृष्टी सहजासहजी हलत नाही. पुढे कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, पण भाऊ १८८० मध्ये गेला आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने दगावले. कडेवर लहानगी मनोरमा राहिली.

१८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यावयाचे होते, पण कानांनी साथ न दिल्यामुळे तो बेत सोडावा लागला. बाप्तिस्म्याने त्यांचे चित्त एका रात्रीत निर्भय व शांत झाले असे सांगणाऱ्यांनी त्यांची स्वतःची साक्ष वाचावी. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरही प्रत्यक्ष ख्रिस्त गवसावयास आपणास जवळजवळ आठ वर्षे लागली, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली आहे. एवढ्या तीक्ष्ण बुद्धीच्या व तळमळीच्या स्त्रीला आठ वर्षे लागतात, तर एका रात्रीत निर्भय होण्याचा हुकूम आपण आजाऱ्याला कोणत्या तोंडाने सोडतो?

त्या मधल्या काळात, १८८९ साली, त्यांनी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदासदन ही शाळा काढली व पुढे ती पुण्यास हलविली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादातील न्यायान्याय हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याची खरी घटका १८९६ च्या अखेरीस आली. मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता येऊ लागल्या. ज्या संकटाने आईबाप व बहीण खाल्ली, त्याच संकटाच्या तोंडी पुन्हा जावयाचे, उपाशी माणसांचे तेच डोळे पुन्हा पाहावयाचे, आणि तेही अमेरिकेतील मित्रमंडळाने शारदासदनाला दिलेले दहा वर्षांच्या साहाय्याचे वचन संपत आले असताना! माणूस आपल्या भयापासून दूर राहण्याची तजवीज जन्मभर करीत असतो. रमाबाईंना मात्र त्या जुन्या उपासमारीच्या स्मृतीनेच स्वस्थ बसू दिले नाही, आणि जी भुकेची आठवण त्यांना आयुष्यभर घरात कोंडून ठेवू शकली असती, तिचेच बोट धरून त्या दुष्काळी मुलखात गेल्या व तेथील निराधार विधवा व मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, म्हणून नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारी मनाई. तेव्हा दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे घेतलेल्या शंभर एकर जमिनीवर तात्पुरती छपरे उभारून त्यांचा बंदोबस्त केला. प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी जाहीर पत्र लिहून त्यांनी सरकारलाही जाब विचारला. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर केडगावच्या या आश्रयस्थानातील, म्हणजेच मुक्तिसदनातील, संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली.

म्हणून कर्जाने, आजाराने, नोकरी गेल्याने वा जवळच्या माणसाच्या वियोगाने घाबरलेल्याच्या घरी आपण जाऊ तेव्हा त्याच्या विश्वासाची मोजदाद करावयास जाऊ नये, अशी माझी ख्रिस्ती बांधवांना आणि इतरांनाही कळकळीची विनंती आहे. गेथशेमानेत शिष्यांकडून मागितले गेले होते ते केवळ जागरण. तेवढे आपल्याच्याने होण्यासारखे आहे. मीही त्या रात्री आप्तांना काही उपदेश केला नाही. पहाटे परिचारिका येईपर्यंत त्यांचा हात हातात धरून बसलो.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले होते, आणि त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात मुक्तिसदनातील मुलीच जुळवीत असत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाई काम करीत राहिल्या. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.